आमच्या घरच्या दोघी

भाद्रपद सरला, पितरं जेवून गेली, की आमच्या साताऱ्यात उन्हाचा रंगच पालटतो. सकाळी अजिंक्यताऱ्यावर धुकं, दुपारी अंगाची काहिली आणि रात्री पायाशी पांघरूण. आश्विन-कार्तिकाचा हा शरद ऋतू पुस्तकात मोठा देखणा असतो. चांदणं काय, निरभ्र आकाश काय, कासच्या पठारावरची फुलं काय! पण घरात दोन लहान मुलं असली की शरदाचा अर्थ वेगळा. नवरात्राची धुणी, गच्चीवर वाळत घातलेल्या वाकळा, सहामाही परीक्षा, फराळाचे डबे, माहेरची वारी आणि या सगळ्याच्या मध्ये कुणाचं तरी वाहणारं नाक. जुनी माणसं शरदाला वैद्यांची आई म्हणत, ते काही उगीच नाही.

आमच्या घरी दोघी. थोरली सात वर्षांची, दुसरीत. धाकटी साडेतीन वर्षांची, बालवाडीत. मी पतसंस्थेत कामाला, हे शाळेत शिक्षक आणि घरात सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते. सकाळी साडेसहाला आमच्याकडे जी धांदल असते, ती तुम्हा मैत्रिणींना काय सांगायची? तुमच्याकडेही तीच असणार. एकीच्या वेण्या घालाव्यात तर दुसरी तेलाची बाटली उपडी करते. थोरलीच्या डब्यात भाजी-चपाती गेली, की धाकटीलाही तस्साच डबा हवा. बालवाडी दोन तासांची, तरी डबा 'दीदीसारखा' हवा! पेन्सिलीवरून भांडण, खोडरबरावरून भांडण, आजीच्या कुठल्या कुशीला कोण झोपणार यावरून तर रोजचं महाभारत. आणि पाच मिनिटांनी बघावं, तर दोघी एकाच ताटात गूळ-शेंगदाणे खात बसलेल्या. कपाळाला हात लावायचा, नाही तर काय!

या दिवसांत माझं एक काम ठरलेलं. रविवारी सगळी पिंपं, बादल्या, कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून घासून कोरड्या करायच्या. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसाढवळ्या चावतो. त्यामुळे नुसती रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. ताप आलाच तर आमचे डॉक्टर एकच बजावतात, की मनानं दुखण्याच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन तर नाहीच. पाणी, पेज, सरबत भरपूर द्यायचं आणि मूल लघवीला नीट जातंय ना, हे बघायचं. ताप उतरल्यावरही पोटात दुखणं, सारख्या उलट्या, नाकातून रक्त, असं काही दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. २०२५ च्या नवरात्रात धाकटी तीन दिवस तापानं फणफणली होती. साधाच ताप निघाला. पण त्या तीन रात्री आत्या तिच्या उशाशी बसून होत्या. नातीवर त्यांचा जीव नाही असं कुणी म्हटलं, तर ते खोटं ठरेल. हे आधीच सांगते, कारण पुढची गोष्ट आत्यांचीही आहे.

सूर्यानं हस्त नक्षत्रात पाऊल ठेवलं, की आमच्याकडे हादगा सुरू होतो. पुण्याकडे भोंडला म्हणतात तोच. हस्ताचा हत्ती पाटावर काढायचा, नाही तर चित्र भिंतीवर लावायचं आणि पोरींनी हात धरून भोवती फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढवत न्यायचं. त्यात गाण्यांपेक्षा गंमत खिरापतीची. डबा झाकून ठेवायचा आणि पोरींनी ओळखायचं. गोड की तिखट? वाटीत की हातावर? आता सोळा दिवस कुणाला जमतात? आमच्या गल्लीत एकच दिवस ठरतो, पण तो एक दिवस पोरी वर्षभर आठवतात. त्या दिवशी मी खिरापतीला भिजवलेल्या डाळीत कैरीऐवजी लिंबू पिळून आंबेडाळ केली होती. ऑक्टोबरात आंबेडाळ असेल हे कुणाच्या डोक्यातच येईना. धाकटीनं मात्र आधीच स्वयंपाकघरात चाखलेली. ती मोठ्यानं ओरडली, "पिवळं पिवळं!" झालं, खिरापत फुटली!

पोरी हसून लोळत होत्या. तेवढ्यात गल्लीतल्या एक काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. चांगल्या आहेत, अडीअडचणीला धावून येतात. धाकटीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "पाठीवर पाय देऊन भाऊ येऊ दे बाई आता हिच्या. दोघी झाल्या, एक चान्स घ्यायला काय हरकत आहे?"

मैत्रिणींनो, दोन मुलींची आई असाल तर हे वाक्य तुम्ही ऐकलं असणारच. ओटी भरताना, बारशाला, हळदी-कुंकवाला, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडूनसुद्धा. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण थोरली आता सात वर्षांची आहे. तिला सगळं कळतं. त्या रात्री अंथरुणात तिनं विचारलं, "आई, आपल्या घरात कोण कमी आहे?"

काय उत्तर देणार? आमच्या या कृष्णाकाठच्या पट्ट्यात ऊस आहे, द्राक्षं आहेत, हळद आहे, साखर कारखाने, शाळा-कॉलेजं, सगळं आहे. सावित्रीबाई फुले १८३१ मध्ये जन्मल्या ते नायगाव आमच्याच सातारा जिल्ह्यातलं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, तेही साताऱ्यातच. आणि याच पट्ट्यात २००१ च्या जनगणनेनं आरसा दाखवला. सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे सांगली जिल्ह्यात ८५१ मुली, साताऱ्यात ८७८ आणि शेजारच्या कोल्हापुरात ८३९. राज्याचा आकडा होता ९१३. म्हणजे जिथं पाणी आहे, पैसा आहे, तिथंच मुली कमी! गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्रानं केला, तो १९८८ मध्ये. मग १९९४ मध्ये तो देशासाठी झाला. कायदा असूनही हे आकडे. आणि २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला बेकायदा गर्भपातात एका तरुण बाईचा जीव गेला. तपासात पोलिसांना पुरून टाकलेले एकोणीस भ्रूण सापडले. ते वाचलं त्या दिवशी घास घशाखाली उतरला नव्हता.

याच्या उलटही एक दिवस आमच्या साताऱ्यानं पाहिलाय. दोन-तीन मुलींवर आणखी मुलगी झाली, की तिचं नाव 'नकुशी' ठेवायची रीत आमच्या काही गावांतून होती. नको असलेली ती नकुशी. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, ही समजूत. जिल्ह्यातल्या अशा मुली शोधून २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात त्यांचं नव्यानं बारसं झालं. अडीचशेहून जास्त मुलींना नवं नाव आणि त्या नावाचं प्रमाणपत्र मिळालं. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी नटीचं. ऐन दिवाळीच्या तोंडावर शाळेच्या हजेरीत आपलं चांगलं नाव पुकारलं जाणार, याचा आनंद त्या पोरींना केवढा झाला असेल!

असो. परीक्षा संपली, दिवाळीची सुटी लागली आणि अंगणात किल्ल्याची माती येऊन पडली. किल्ला म्हणजे मुलग्यांचं काम, असं कुठं लिहिलंय? थोरलीनं आणि शेजारच्या तिघी-चौघींनी मिळून अजिंक्यतारा करायला घेतला. समोर खराखुरा दिसतोच, बघून करायचा! आत्यांनी उतारावर हळीव आणि मोहरी पेरून दिली. चार दिवसांत हिरवळ तरारली. बाजारातून मातीचे मावळे आणले. थोरलीनं यांना विचारलं, "पप्पा, राणी कुठं मिळते?" यांनी तिला ताराराणींची गोष्ट सांगितली होती. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले, त्याच वर्षी साताऱ्याचा किल्ला औरंगजेबानं घेतला आणि पंचविशीही न गाठलेल्या त्या बाईनं पुढची सात वर्षं, बादशहा मरेपर्यंत, त्याला झुंजवलं. मातीची ताराराणी दुकानात मिळाली नाही. मग एका घोडेस्वाराला थोरलीनं माझ्या जुन्या साडीचा लाल काठ गुंडाळला आणि त्याला सगळ्यात वरच्या बुरुजावर बसवलं. धाकटीचं काम रोज पाणी मारायचं. तिनं इतकं मारलं, की एक बुरुज ढासळलाच. पुन्हा महाभारत!

पाडवा झाला आणि भाऊबीजेला आम्ही माहेरी निघालो. माहेर माझं तासगावजवळचं, द्राक्षबागांचं गाव. कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगलीला पोचायचं आणि तिथून पुढं दुसरी गाडी. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय. माझं अर्धं, थोरलीचं अर्धं, धाकटी फुकट. तिघी मिळून एका तिकिटात! ती गंमत कंडक्टरलाही सांगून झाली.

ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाच्या फळछाटणीचे दिवस. २०२५ ला पाऊस लांबल्यानं दादाचा जीव टांगणीला लागला होता. छाटली की चार महिने बाग म्हणजे तान्हं मूलच. छाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावायची, मग डोळे फुटले की विरळणी, पुढं घडांचं डिपिंग. कोण करतं ही कामं? वहिनी, आई आणि गावातल्या बायका. हातमोजे घालून, डोक्याला फडकं बांधून, वाकून वाकून. आणि संध्याकाळी पारावर म्हणायचं, "शेती बघायला मुलगा पाहिजे!"

भाऊबीजेला मी दादाला ओवाळलं, माझ्या दोघींनी त्याच्या मुलाला. तेवढ्यात माहेरच्याच नात्यातल्या एक बाई हळूच मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, तिसरं होऊ दे की. आणि भीती वाटत असेल तर आधी बघून घेता येतं. ओळख आहे माझी." मी म्हटलं, "मावशी, बघून काय करायचं ते पण सांगा." त्या गप्प झाल्या. मग मीच म्हटलं, "बघणारा, सांगणारा आणि विचारायला जाणारा, सगळेच कायद्यात सापडतात. आणि मुलगा की मुलगी हे बाईच्या हातात नसतंच. बाईकडून दर वेळी एकच एक्स गुणसूत्र जातं. एक्स की वाय ते पुरुषाकडून ठरतं. मग बोल मात्र बाईनंच का ऐकायचे?" आई चुलीपाशी फोडणी देत होती. ती मागं न बघता म्हणाली, "बरोबर बोलतीय लेक माझी." मला तिची एवढी साथ पुष्कळ झाली.

साताऱ्याला परत आलो तेव्हा घरी आत्यांची धाकटी बहीण आलेली. माण तालुक्यातल्या दुष्काळी गावात राहतात. पाठोपाठच्या मुलींतली शेवटची, म्हणून नाव ठेवलेलं नकुशी. रेशनकार्डावर तेच, मतदान ओळखपत्रावरही तेच. त्यांच्या पाठीवर खरंच भाऊ झाला. तो मोठा होऊन मुंबईला माथाडी कामाला गेला, तिकडचाच झाला. आई-वडिलांची शेवटची दहा वर्षं कुणी काढली? या मावशींनी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला भरवणं, धुणं, सगळं यांनीच केलं.

फराळाला बसलो होतो. आत्यांनी नेहमीप्रमाणे विषय काढला, "यांचं पुढं काय ठरतंय कुणास ठाऊक. दोन पोरी सासरी गेल्या, की हे घर मोकळं." मावशींनी हातातली करंजी खाली ठेवली. म्हणाल्या, "अक्का, मी न्हाई का बघितलं आई-दादांस्नी? नाव नकुशी, पर शेवटी हवीशी मीच झाले." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता नाव बदलायचं वय न्हाई ऱ्हायलं पोरी. पर कुणी हाक मारली, की अजून टोचतंय बघ."

आत्या काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या. खूप वेळानं बाहेर आल्या आणि बहिणीच्या पानात आणखी दोन करंज्या वाढल्या.

यांचं आणि माझं आधीच ठरत आलं होतं. त्या रात्री पक्कं झालं. दोघी पुरेत. आणि शस्त्रक्रिया यांनी करून घ्यायची. माझी दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. तिसऱ्यांदा पोटावर सुरी कशाला? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर शंभर विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ अडतीस जणींची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांचं प्रमाण शंभरात एकसुद्धा भरलं नाही! खरं तर पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया दहा-पंधरा मिनिटांची. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. दोन दिवस विश्रांती घेतली की हलकं काम सुरू करता येतं, जड ओझं आठवडाभर उचलायचं नाही. ताकद जाते, कमजोरी येते, हा निव्वळ गैरसमज. एक मात्र लक्षात ठेवायचं. पहिले तीन महिने दुसरं साधन वापरावंच लागतं आणि नंतर तपासणी करून खात्री करून घ्यायची.

आत्यांना सांगितलं तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. "कमावत्या पोराचं ऑपरेशन? जगात बायका काय कमी आहेत का करून घ्यायला?" असं एकदा भांडी घासताना ऐकू आलं. हे शांतपणे म्हणाले, "आई, तिनं दोनदा सोसलं. आता माझी पाळी." डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी हे शाळेत. आत्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण सकाळी डिंकाचा लाडू मात्र न चुकता यांच्या हातावर ठेवला. सगळं पटलंय असं मी म्हणणार नाही. आजही कुणाच्या नातवाचं बारसं असलं, की त्या जरा गप्प असतात. चाळीस-पन्नास वर्षांची शिकवण दोन महिन्यांत कशी पुसली जाईल? मीही घाई करत नाही.

दोघींच्या नावानं पोस्टात सुकन्या समृद्धीची खाती आहेत. ही योजना २०१५ ची, दहा वर्षांखालच्या मुलींसाठी. वर्षाला किमान अडीचशे रुपये भरले तरी खातं चालू राहतं. आमच्याकडून फार पडत नाही, पण दर महिन्याला थोडं जातं. आणि हो, वारसाचं म्हणाल, तर २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तो आणखी स्पष्ट केला. तेव्हा 'वारस नाही' हे वाक्यच आता चुकीचं आहे. वारस आमच्याकडे एक सोडून दोन आहेत!

त्याच शरदातली एक रात्र सांगायची राहिली. २ नोव्हेंबरचा रविवार. नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. आमच्या घरी क्रिकेट म्हणजे यांचा एकट्याचा कारभार. पण त्या दिवशी सगळे टीव्हीसमोर. स्मृती मानधना खेळायला आली, तशा आत्या चष्मा पुसत म्हणाल्या, "ही सांगलीची ना गं? तुझ्या माहेराकडची?" मी म्हटलं, "हो, सांगलीतच वाढली." "आणि ती धनुष्यबाणवाली?" "अदिती स्वामी. ती तर आपल्या साताऱ्याचीच. २०२३ मध्ये सतराव्या वर्षी जगज्जेती झाली." "आणि ती पळणारी?" "ललिता बाबर, माणमधली. मावशींच्या तालुक्यातली." आत्या बोटं मोजत बसल्या. मध्यरात्रीच्या सुमाराला भारतानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं, तेव्हा धाकटी त्यांच्या मांडीवर गाढ झोपली होती आणि थोरली पलंगावर नाचत होती. एरवी "पोरीच्या जातीनं एवढं नाचू नये" म्हणणाऱ्या आत्या म्हणाल्या, "अगं हळू, धाकटी उठेल!"

दुसऱ्या दिवशी गल्लीत कपडे धुवायचं धोपटणं घेऊन दोघींचं क्रिकेट सुरू झालं. एक टाकणार, एक मारणार आणि आऊट झालं की दोघी रडणार!

थोरलीच्या त्या प्रश्नाला मी त्याच आठवड्यात उत्तर दिलं होतं. बसवून, समजावून नाही. रात्री जेवायला पानं घेताना तिलाच मोजायला सांगितली. आजी, पप्पा, आई, मी, छोटी. पाच. "पानं किती मांडलीस?" "पाच." "मग कोण कमी आहे?" तिनं पुन्हा एकदा बोटानं मोजलं आणि म्हणाली, "कुणीच नाही. पण पाणी घ्यायचं राहिलं."

कार्तिक संपत आला तशी थंडी वाढली. माळ्यावरून ट्रंक काढली. थोरलीचा गेल्या वर्षीचा लाल स्वेटर तिला आखूड झाला होता, धाकटीला बरोबर बसला. कोपराशी उसवला होता तेवढा आत्यांनी लोकर घेऊन शिवून दिला. थोरलीसाठी एक नवा घ्यायला हवा. येत्या रविवारी बाजारात जायचं आहे, आणि धाकटीनं आत्तापासूनच सांगून ठेवलंय, तिलाही दीदीसारखाच नवा पाहिजे!